कच्च्या वाटेवरच्या मोटरसायकलची चेन : निवड, झोल आणि वंगण

आडवाटेचा_पुणेकर

माझ्याकडे जुन्या घडणीची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आहे. तिचा निम्मा वापर शहरात होतो आणि निम्मा भोर, वेल्हे व महाडच्या अंगाला उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर, त्यामुळे पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली मुरुमाची धूळ दोन्ही चेनच्या वाट्याला येतात. मूळ चेन अजून चालू आहे, परंतु मागचा अ‍ॅक्सल खाचेत बराच मागे सरकला आहे आणि चाक हाताने फिरवले की चेन एका जागी ताणलेली व दुसऱ्या जागी लोंबलेली दिसते.

नवी चेन पुन्हा एक्स-रिंगचीच (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) घ्यावी, की शर्यतीच्या गाड्यांना असते तशी बिनरिंगची साधी चेन घ्यावी? एका परिचितांच्या मते साधी चेन हलकी असते आणि चिखलात चांगली चालते. झोल किती ठेवावा याबद्दलही प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळे उत्तर मिळते. धुण्याविषयी तर विचारायलाच नको. पेट्रोलपासून साबणाच्या पाण्यापर्यंत सगळे सल्ले मिळून झाले आहेत. जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

तेरावा_दात

आधी मोजा, मग खरेदीचे ठरवा. चेन 'लांबते' असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जाऊन लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्यावरची बुश, म्हणजे बारीक नळी, एकमेकींना झिजवतात. ५२० चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर १५.८७५ मिमी असते. दर सांध्याला सरासरी ०.१६ मिमी झीज झाली की चेन एक टक्का लांब झाली, आणि शंभराहून अधिक कड्यांत ती झीज साठत गेली की अ‍ॅक्सल सुमारे नऊ मिमी मागे घ्यावा लागतो. तुमचा अ‍ॅक्सल मागे गेला आहे तो याच हिशेबाने.

मोजण्यासाठी चेन एका बाजूने ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. नव्या ५२० चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिमी भरते. कावासाकीच्या दुरुस्ती-पुस्तिकांत या मापाची कमाल मर्यादा ३२३ मिमी दिलेली आढळते. केटीएमची पद्धत अधिक कडक आहे. तिथे खालच्या बाजूच्या चेनला १० ते १५ किलो वजन लावून १८ रोलरांचे (बुशवर फिरणाऱ्या बाहेरच्या नळ्यांचे) अंतर मोजतात आणि ते २७२ मिमीच्या वर गेले की चेन बदलायला सांगतात. अठरा रोलर म्हणजे मधली अंतरे सतराच, हे विसरून कित्येक जण चांगली चेन बाद ठरवतात किंवा बाद चेन चालवत राहतात. माप एकाच ठिकाणी घेऊ नका. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी घ्या आणि त्यांतले सर्वांत मोठे धरा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. एका जागी ताण आणि दुसऱ्या जागी झोल हे तिचेच लक्षण आहे.

आता क्रमांकाविषयी. चेनच्या कडीच्या पट्टीवर ५२०, ५२५, ४२८ असा आकडा ठोकलेला असतो. त्यातला पहिला अंक पिनांमधले अंतर इंचाच्या अष्टमांशात सांगतो, म्हणजे ५ असेल तर पाच-अष्टमांश इंच आणि ४ असेल तर अर्धा इंच. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे आहेत: २० म्हणजे पाव इंच, २५ म्हणजे पाच-षोडशांश इंच. मोटोक्रॉस आणि एंड्युरोच्या २५० व ४५० सीसी गाड्यांवर बहुधा ५२० असते, तर आपल्याकडच्या लहान गाड्यांपैकी पुष्कळांवर ४२८ असते. पुढचे-मागचे दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चाके) बदलल्याशिवाय एकीच्या जागी दुसरी बसत नाही. '४२८ च्या जागी जाड चेन टाकून देतो' असे कुणी म्हणाले, तर तो स्प्रॉकेटचा खर्च धरतो आहे की नाही हे आधी विचारावे.

प्रकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या वापराला सीलबंद चेनच योग्य. रिंगांची चेन तयार करतानाच पिन आणि बुश यांच्या मध्ये ग्रीस भरतात आणि दोन्ही बाजूंच्या रबरी रिंगा ते आत धरून ठेवतात. झीज होते ती याच जागी, आणि बाहेरून फवारलेले तेल तिथवर पोहोचतच नाही. म्हणून सीलबंद चेनचे आयुष्य तुम्ही वरून काय लावता यापेक्षा रिंगा किती दिवस शाबूत राहतात यावर ठरते. एक्स-रिंगचा छेद फुलीसारखा असल्याने ती साध्या ओ-रिंगपेक्षा कमी घासते आणि ग्रीसही अधिक काळ धरते.

काळी_माती_सोलापूर

तेरावा दात यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही साध्या चेनची बाजू मांडली पाहिजे. मी मोटोक्रॉसच्या बंदिस्त ट्रॅकवर गाडी चालवतो आणि तिथे बिनरिंगची चेन वापरतो. ती हलकी असते, रिंगांचे घर्षण नसल्याने चाक मोकळे फिरते आणि अरुंद असल्याने इंजिनच्या आवरणाला घासत नाही. काही मोटोक्रॉस गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपास जागाच इतकी कमी असते की रुंद सीलबंद चेन बसवण्यापूर्वी अंतर तपासावेच लागते.

मात्र तिची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. प्रत्येक सरावानंतर चेन धुऊन, वाळवून, सांध्यासांध्यात तेल सोडावे लागते, आणि एवढे करूनही ती लवकर बाद होते. शर्यतीच्या गाडीत तिची गणना ब्रेक पॅडसारख्या झिजणाऱ्या वस्तूंत होते, त्यामुळे त्याचे कुणाला फारसे वाटत नाही. नदी ओलांडल्यावर साध्या चेनच्या सांध्यातले तेल धुऊन निघते, आणि त्यानंतर शंभर-दीडशे किलोमीटर डांबरी रस्त्याने घरी यायचे असेल, तर ती तशीच कोरडी चालते. पुणेकरांचे परिचित ट्रेलरवरून गाडी नेत असतील तर त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे.

आडवाटेचा_पुणेकर

मोजले. सर्वांत खराब ठिकाणी वीस कड्यांचे माप ३२१ मिमी भरले. कावासाकीच्या मर्यादेत आहे, पण केटीएमच्या बसत नाही असे दिसते. मग कोणते मानावे?

तेरावा_दात

गाडी ज्यांची, मर्यादा त्यांची. केटीएमचे २७२ मिमी वीस कड्यांना लावले तर ३२० होते, म्हणजे तुमची चेन त्यापलीकडे गेली आहे. शिवाय ती एका जागी आखडते, याचा अर्थ काही सांध्यांतल्या रिंगा गेल्या आणि ग्रीस बाहेर पडले. अशा सांध्यांची झीज पुढे फार वेगाने होते. दोन्ही स्प्रॉकेटही सोबत बदला. दाते बाहेरून ठीक दिसले तरी ते झिजलेल्या चेनच्या अंतराला सरावलेले असतात आणि नव्या चेनलाही त्याच मापावर आणतात.

चिमटा_पाना_कोल्हापूर

माझे स्वतःचे गॅरेज आहे, म्हणून झोलाविषयी थोडे सविस्तर लिहितो. माझ्या पाहण्यात कच्च्या रस्त्याच्या गाड्यांच्या चेन धुळीने जेवढ्या जातात, त्याहून अधिक घट्ट बांधल्याने जातात.

पुढचे स्प्रॉकेट इंजिनला असते आणि मागचे चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला (स्विंगआर्मला). चिमटा ज्या बोल्टवर वरखाली होतो तो बोल्ट पुढच्या स्प्रॉकेटच्या बराच मागे असतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटांमधले अंतर बदलत राहते. पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा ते अंतर सर्वाधिक असते आणि चेन सर्वांत घट्ट असते. रस्त्याच्या गाडीचे सस्पेन्शन कमी हलते, म्हणून तिथे हा फरक थोडा असतो. कच्च्या वाटेच्या गाडीचे चाक वीस-वीस, तीस-तीस सेंटिमीटर हलते. स्टँडवर चेन 'छान टाईट' दिसत असेल, तर खड्ड्यात चाक वर गेल्यावर ती तारेसारखी ताणते. तो ताण पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबच्या बेअरिंगवर जातो, पुढच्या शाफ्टचे ऑइल सील गळू लागते, आणि चालक मात्र सस्पेन्शन कडक झाल्याची तक्रार घेऊन येतो.

खात्री करून घ्यायची पद्धत सोपी आहे, फक्त दोन माणसे जास्त लागतात. सामान बांधण्याच्या पट्ट्याने किंवा सीटवर माणसे बसवून गाडी इतकी दाबायची की वर सांगितलेले तीन बिंदू एका रेषेत येतील. त्या अवस्थेत खालची चेन बोटाने थोडी तरी वरखाली झाली पाहिजे. मग गाडी सोडायची, स्टँडवर घ्यायची आणि आता दिसणारा झोल मोजून ठेवायचा. तुमच्या गाडीचा आकडा तोच. तो पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळायला हवा. जुळला नाही, तर पुस्तिकेत माप कोणत्या जागी आणि गाडी कशी उभी करून घ्यायला सांगितले आहे ते पुन्हा वाचा, कारण काही कंपन्या चिमट्यावरच्या घसरपट्टीच्या (चेन चिमट्याला घासू नये म्हणून लावलेल्या पट्टीच्या) टोकाशी मोजायला सांगतात तर काही दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध. जागा बदलली की आकडा बदलतो, आणि गॅरेजागणिक वेगळी उत्तरे मिळण्याचे एक कारण हेच आहे.

मोजताना चाक फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा आणि झोल तिथे ठेवा. सैल जागी बेतशीर ठेवलात, तर घट्ट जागी काहीच उरणार नाही.

अ‍ॅक्सलचा नट आवळण्याआधी एक गोष्ट आमच्याकडे नेहमी करतात. मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या बाजूला, चेन आणि दाते यांच्या मध्ये, घडी घातलेले फडके ठेवायचे आणि चाक हाताने मागच्या बाजूला फिरवायचे. फडके चेनखाली ओढले जाते, चाक पुढे खेचले जाऊन अ‍ॅक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरांना घट्ट टेकतो, आणि त्याच स्थितीत टॉर्क रेंचने नट आवळायचा. असे न केल्यास नट आवळताना अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो. चिमट्यावरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चिमट्याच्या बोल्टच्या केंद्रापासून अ‍ॅक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजा. स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच कड चकाकत असेल तर चाक तिरके बसले आहे.

नवखा_रायडर_नाशिक

चिखलातून जाताना चेन आणखी सैल ठेवावी का?

चिमटा_पाना_कोल्हापूर

थोडी सैल चालेल, घट्ट मात्र नको. काळी माती स्प्रॉकेटच्या दात्यांच्या तळाशी थापली जाते, स्प्रॉकेटचा घेर जणू वाढतो आणि चेन आपोआप ताणते. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणात चिखल ठासला की हा प्रकार अधिक होतो. काही पुढच्या स्प्रॉकेटांना चिखल बाहेर पडावा म्हणून बाजूला खाचा दिलेल्या असतात आणि त्यांचा उपयोग होतो. मात्र झाकण काढून टाकण्याच्या सल्ल्यापासून दूर राहा. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनचे आवरण फोडते. ते वाचवण्यासाठी असलेली धातूची पट्टी बऱ्याच गाड्यांत त्या झाकणाच्या आतच असते.

दर्याकाठ_रत्नागिरी

धुण्याविषयी मी लिहितो, कारण आमच्याकडे जांभ्याची धूळ, खारी हवा आणि चार महिने पाऊस हे सगळे एकाच गाडीला सोसावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे चेन वारंवार धुवावी लागत नाही. चिखल वाळण्याआधी कमी दाबाच्या साध्या पाण्याने काढला की बहुतेक काम होते. धुलाई केंद्रावर जोरदार फवाऱ्याची नळी थेट चेनवर धरतात, ती धरू देऊ नका. त्या दाबाने पाणी आणि बारीक माती रिंगांच्या आत ढकलली जाते. तेलकट काळा थर जमला असेल तेव्हाच रॉकेल आणि मऊ नायलॉनचा ब्रश घ्यावा. तारेचा ब्रश रिंगा कापतो. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवण्याचीही गरज नाही. ब्रश फिरवावा आणि लगेच फडक्याने पुसावी. रेशनवर रॉकेल मिळेनासे झाल्यापासून आमच्याकडे डिझेल वापरतात. वास राहतो, पण काम होते.

समुद्राच्या पाण्याचा शिंतोडा लागला असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे. एका रात्रीत पट्ट्यांवर तांबूस थर येतो, तो वरवरचा असतो. पण रोलरच्या कडांपाशी गंज बसला की कड्या आखडू लागतात.

रबरी_वायसर

माझा व्यवसाय रबराच्या भागांशी संबंधित आहे, म्हणून थोडी भर घालतो. चेनच्या रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. हे रबर खनिज तेल, ग्रीस आणि रॉकेल चांगले सोसते. पेट्रोलमधली सुगंधी हायड्रोकार्बन द्रव्ये मात्र त्यात शिरून ते फुगवतात, आणि ती उडून गेल्यावर रबर आक्रसते व कडक होते. पेट्रोलने चेन क्षणात लख्ख होते म्हणून लोक खूश होतात. रिंगांना पडलेल्या भेगा काही आठवड्यांनी दिसतात, तोवर धुण्याची आठवणही राहिलेली नसते. थिनर आणि ब्रेक साफ करण्याचे फवारेही यातच मोडतात. डिझेल रॉकेलइतके सौम्य नाही, परंतु लगेच पुसून काढले तर चिंता नाही.

काळी_माती_सोलापूर

वंगणाचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी सवय इथेच मोडून काढू. इंजिनचे काढलेले काळे ऑइल चेनला लावू नका. त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते.

तेरावा_दात

अनुमोदन. वंगणाबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी मांडतो. गियर बॉक्समध्ये घालतात ते ८०डब्ल्यू-९० ऑइल, म्हणजे आपल्या दुकानात 'नव्वद नंबर' म्हणून मागतात ते, सीलबंद चेनला पुरेसे आहे, आणि कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांतही त्याचा उल्लेख आहे. सांध्यातले ग्रीस आत आधीच आहे. वरच्या तेलाचे काम गंज रोखणे, रिंगा नरम ठेवणे आणि रोलर व बुश यांच्या मध्ये पातळ थर देणे एवढेच. फवाऱ्यातून येणारे चिकट वंगण महामार्गावर उत्तम, कारण ते उडत नाही. पण मुरुमाच्या धुळीत ते धूळ धरून ठेवते आणि त्याची पॉलिश पेपरसारखी लेई होते.

लावण्याची जागा महत्त्वाची आहे. खालच्या चेनच्या आतल्या अंगाला, आतल्या व बाहेरच्या पट्टीच्या फटीत, दोन्ही बाजूंनी थेंब सोडा. चाक फिरल्यावर तेल आपोआप बाहेरच्या दिशेला जाते. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि कोरड्या फडक्याने इतके पुसा की बोट लावले तर जेमतेम ओशट लागेल. निघायच्या आधी घाईने लावलेले तेल मागच्या टायरवर आणि पँटवर जाते.

दर्याकाठ_रत्नागिरी

इथे थोडा मतभेद नोंदवतो. पावसाळ्यात कोकणात नव्वद नंबर एका प्रवासात धुऊन निघते, म्हणून मी जून ते सप्टेंबर मेणयुक्त फवारा वापरतो आणि कोरड्या दिवसांत तुमच्यासारखे ऑइल. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना ही उठाठेव अनावश्यक वाटेल.

तेरावा_दात

मान्य. कोकणातल्या पावसात मीही तेच करीन.

नवखा_रायडर_नाशिक

इंजिन चालू ठेवून, पहिल्या गियरमध्ये चाक फिरते ठेवून तेल लावलेले मी एका व्हिडिओत पाहिले. त्यामुळे वेळ वाचतो का?

चिमटा_पाना_कोल्हापूर

कृपया असे कधीही करू नका. फडके किंवा बोट चेनसोबत स्प्रॉकेटमध्ये गेले, तर क्लच दाबण्याआधीच बोट तुटलेले असते. आमच्या धंद्यात अशी अर्धी बोटे असलेली माणसे आहेत. इंजिन बंद, गियर न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचे.

आडवाटेचा_पुणेकर

सीलबंद ५२० घ्यायचे नक्की केले. स्प्रॉकेट बदलायचीच आहेत, तर चढावर गाडी अधिक हलकी ओढावी म्हणून मूळ १५ आणि ४५ दात्यांऐवजी पुढे १४ घ्यावे असे वाटते. त्याचा चेनवर परिणाम होईल का? मागचे स्प्रॉकेट अ‍ॅल्युमिनियमचे घ्यावे का?

तेरावा_दात

१५/४५ चे गुणोत्तर ३ आहे आणि १४/४५ चे सुमारे ३.२१. मागे ४८ घेतले तर ३.२, म्हणजे पुढचा एक दात कमी करणे हे मागे तीन दाते वाढवण्याच्या जवळपास सारखेच. खर्चाच्या दृष्टीने पुढचे स्वस्त पडते. परंतु लहान स्प्रॉकेटवर प्रत्येक कडी अधिक कोनात वळते, त्यामुळे झीज वाढते. शिवाय चेन चिमट्याच्या घसरपट्टीच्या अधिक जवळून जाते आणि ती लवकर कापते. एका दात्याने फार बिघडत नाही, पण पट्टी मधून मधून पाहत जा. ती संपली की चेन थेट चिमट्याचा धातू खाते. दुसरा हिशेब अ‍ॅक्सलचा. एक दात बदलला की अ‍ॅक्सल सुमारे चार मिमी सरकतो. पुढे १४ घेतलात तर तो मागे जाईल, मागे ४८ घेतलात तर बारा मिमी पुढे येईल आणि कदाचित चेन दोन कड्यांनी लांब लागेल. स्प्रॉकेट आधी ठरवा, कड्यांची संख्या नंतर.

मागचे स्प्रॉकेट लोखंडाचे, म्हणजे पोलादीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे हलके असते, शर्यतीत ठीक. आपल्या चिखलात त्याचे दाते लवकर वाकड्या नखांसारखे होतात. आत अ‍ॅल्युमिनियम आणि दात्यांचे कडे पोलादाचे असे जोड-स्प्रॉकेटही मिळते, पण तुमच्या वापराला मी त्यासाठी जादा पैसे घालणार नाही.

काळी_माती_सोलापूर

चेन कोणत्या कंपनीची, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून लिहितो. कोइमतूरच्या एलजीबीची रोलॉन आणि टीआय समूहाची डायमंड या भारतीय, तर डीआयडी आणि आरके या जपानी. यांतली कोणतीही घ्या, मात्र खात्रीच्या दुकानातून घ्या, पट्टीवर कंपनीचे नाव आणि क्रमांक स्वच्छ ठोकलेला आहे का ते पाहा, आणि लॉक (चेनची दोन टोके जोडणारी कडी) त्याच कंपनीच्या त्याच जातीचे आहे याची खात्री करा. ५२० म्हटले की सगळ्यांचे लॉक सारखे, असे नसते; पिनेची जाडी आणि लांबी जातीनुसार बदलते.

आडवाटेचा_पुणेकर

लॉक क्लिपचे घ्यावे की ठोकून बसवायचे?

चिमटा_पाना_कोल्हापूर

ठोकून बसवायचे लॉक अधिक भक्कम, आणि वेगाने महामार्गावर जाणाऱ्या गाडीला मी तेच बसवतो. त्यासाठी योग्य हत्यार हवे; हातोडीने पिनेचे डोके चेपू नका. बाहेरची पट्टी शेजारच्या कडीइतक्याच रुंदीवर थांबली पाहिजे, कारण जास्त दाबली तर रिंगा चेंगरतात आणि तो सांधा पहिल्या दिवसापासून आखडतो. रिंगा चार असतात, दोन आत आणि दोन बाहेर, आणि पाकिटातले ग्रीस त्यांच्यासाठीच असते.

क्लिपचे लॉक रानात पक्कडीने काढता-घालता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. ते बसवताना क्लिपचे बंद तोंड चेनच्या चालण्याच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे वरच्या चेनवर पाहिले तर पुढच्या चाकाकडे, आणि उघडे टोक मागे. उलटे बसले तर फांदी किंवा दगड घासून क्लिप निघून जाते. क्लिप खाचेत पूर्ण बसली की 'टक्' असा आवाज येतो. तो आला नाही तर काढून पुन्हा बसवा. तुमच्या गाडीला ठोकायचेच बसवा, आणि पिशवीत त्याच जातीचे एक क्लिपचे लॉक, जुन्या नव्हे तर नव्या चेनमधून उरलेल्या दोन-तीन कड्या आणि पिन ढकलायचे लहान हत्यार ठेवा. दुकानदार चेन कापून देत असेल, तर उरलेल्या कड्या त्याच्याकडून मागून घ्यायला विसरू नका.